बेडूकबाई

“थांबा, थांबा! हे बघितल्याशिवाय कोणी हात धुवायला उठायचं नाही,” म्हणत नंदूकाकांनी रिमोट उचलला, आणि उठायच्या बेतात असलेले माझे वडील मुकाट्याने पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्या हाताला आमटी लागली होती. तो हात त्यांनी ताटावर तसाच अधांतरी धरून ठेवला.

सोलापूरला हर्षदच्या घरी, काटकरांकडे, रविवारचं जेवण होतं. हर्षदशी माझं लग्न ठरलं होतं, सुपारीही फुटली होती. तारीख आणि कार्यालय पक्कं करायला म्हणून आम्ही तिघं बार्शीहून आलो होतो: मी, आई आणि अण्णा. माझं वय तिशीच्या पुढे गेलेलं. आधीची बरीच स्थळं कुठे ना कुठे अडली होती. त्यामुळे अण्णा त्या घरात शिरल्यापासून सगळ्यालाच मान डोलवत होते. पंखा जोरात लावू का, हो. कमी करू का, हो.

तारखेचा विषय अजून निघालाच नव्हता, कारण नंदूकाका निघू देत नव्हते.

नंदूकाका म्हणजे हर्षदचे धाकटे काका. काटकरांचं चादरी-टॉवेलांचं दुकान होतं. ते हर्षदचे वडील चालवत, आणि नंदूकाका फोन चालवत. ‘फक्त हसायचं’, ‘खुसखुशीत सोलापूर’ अशा नावांचे त्यांचे कितीतरी ग्रुप होते. सुपारी फुटली त्या संध्याकाळीच त्यांनी मला न विचारता त्यातल्या तीन ग्रुपांत घातलं होतं. तेव्हापासून माझा फोन सकाळी उठायच्या आधी थरथरायला लागायचा. स्कूटरवर बसून निघालेली शेळी. वरमाला घालताना मंचावरून मागच्या मागे गेलेला नवरदेव. कुठल्या तरी देशातला म्हातारा, नाकाने फुगा फुगवणारा. पियानोवर चोच मारणारी कोंबडी. खाली काकांची स्वतःची भर एवढीच: ‘पोट धरून हसाल!!!’ आणि हसून लोळणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

विनोद सांगणारा माणूस निदान स्वतःची जीभ तरी वापरतो. जमला नाही तर त्याची फजिती होते. नंदूकाकांना तीही जोखीम नको होती. दुसऱ्यांनी टाकलेलं उचलायचं, तिसऱ्याला द्यायचं, आणि मधल्या मध्ये हसवल्याचं श्रेय घ्यायचं, एवढाच त्यांचा धंदा. टीव्हीवर लावतानाही ते स्वतः पडद्याकडे बघत नसत. बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. कोणी हसायला उशीर केला की कोपराने ढोसत, “कळलं का? कळलं का? परत लावू?”

त्या दुपारी त्यांनी फोन टीव्हीला जोडला होता. एकामागून एक लावत होते. अण्णा प्रत्येकाला हसत होते. ते हसणं मी ओळखत होते. पाटबंधारे खात्यात असताना साहेब घरी आले की ते असेच हसायचे. आई पदर सावरून बसली होती, नेमस्तपणे ओठ हलवत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. वर्गात ती कशी असेल ते असेल, चार माणसांत मात्र मोजकं बोलायची, तेही समोरून विचारलं तर.

“नंदूभाऊजी असले की आमच्या घरात कंटाळा म्हणून येत नाही हो,” हर्षदची आई, विजयाताई, माझ्या आईला म्हणाल्या.

“दिसतंच आहे,” आई म्हणाली.

हर्षदची बहीण मनाली समोरच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. आम्ही आल्यापासून तिचा फोन आमच्यावर रोखलेला होता. “आठवण राहायला हवी ना, वहिनी!” असं तिने दारातच सांगितलं होतं. हर्षद माझ्या शेजारी होता. त्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला बरं वाटलं. हर्षद मला आवडायला लागला होता, हेही सांगायला हवं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि तो ऐकून घ्यायचा. मला तोवर बोलणारीच स्थळं भेटली होती.

“हा आता स्पेशल,” नंदूकाका म्हणाले. “सुरवसेसाहेब, इकडे या असे. नीट दिसायला पाहिजे तुम्हाला.”

अण्णांनी खुर्ची सरकवली.

पडद्यावर एक गच्ची आली. गच्चीत एक बाई. डोक्याला हिरवी ओढणी घट्ट गुंडाळलेली, तिच्यावर कागदी वाट्यांचे दोन मोठे डोळे डकवलेले, तोंड हिरव्या रंगाने माखलेलं. बाई उकिडवी बसली आणि टुणकन उडाली. परत बसली, परत उडाली. व्हिडिओ पळवलेला होता, त्यामुळे ती माणसासारखी उडत नव्हती, तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी तडतडत होती. मूळचा आवाज काढून त्यावर ढोलकीचं कसलंसं चावट गाणं घातलं होतं. बाई मागे वळून उडाली की गाण्याच्या ठेक्यावर तिच्या पाठमोऱ्या अंगावर कॅमेरा पुन्हा पुन्हा आदळायचा. खाली अक्षरं होती: ‘सातवा वेतन आयोग अंगात आल्यावर बाई’.

मी बाईला नंतर ओळखलं. आधी मी पाण्याची काळी टाकी ओळखली. तिच्या तोटीला मीच पांढरी चिकटपट्टी लावली होती.

अण्णा हसायला लागले.

हे आधीचं हसणं नव्हतं. ते खरोखर हसत होते. मी माझ्या वडिलांना असं हसताना फार क्वचित पाहिलं होतं. त्यांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आमटीचा हात तसाच वर धरून दुसऱ्या हाताने ते मांडीवर थापा मारत होते.

“अरारारा! काय बाई आहे! कुठलं हो हे ध्यान?”

आता सगळे काटकर हसले. नंदूकाका तर टेबलावर पालथे पडायचे बाकी होते. “कुठलं ध्यान! साहेब विचारतात, कुठलं ध्यान!” ते विजयाताईंना म्हणाले. विजयाताईंनी तोंडाला पदर लावला.

“असल्यांना पगार देतं सरकार,” अण्णा डोळे पुसत म्हणाले. “परत लावा, परत लावा.”

काकांनी परत लावला.

मी आईकडे बघितलं. आईने सगळं बघितलं होतं: पडदा, टाकी, अण्णा. तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती हसली. मोठ्याने हसली, अण्णांपेक्षाही मोठ्याने, टेबलाची कड धरून. “काय एकेक माणसं असतात!” असंही म्हणाली. माझ्या आईला तेवढ्या मोठ्याने हसताना मी आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. ते हसणं नव्हतंच. चुलीवरचं भांडं सरकलं की आपण हात घालून ते धरतो ना, तसं तिने काहीतरी धरलं होतं.

मला अजूनही वाटत होतं, हा योगायोग आहे. हा व्हिडिओ गावोगाव फिरला होता, काकांकडे येणं काही नवल नव्हतं. आता पटकन संपावा, काकांनी पुढची शेळी किंवा कोंबडी लावावी, एवढीच मी वाट बघत होते. मग माझं लक्ष मनालीकडे गेलं.

सगळे टीव्हीकडे बघत असताना मनालीचा फोन टीव्हीकडे नव्हता. तो आईच्या चेहऱ्यावर होता. मनाली दोन बोटांनी तो चेहरा जवळ घेत होती.

मी हर्षदकडे वळले. तो पडद्याकडेही बघत नव्हता आणि आईकडेही. तो माझ्याकडे बघत होता, वाढदिवसाचा खोका उघडणाऱ्या माणसाकडे बघतात तसा. ओठ दाबून, हसू आवरत.

तेव्हा मला कळलं.

ती बेडूक कोण आहे, हे त्या घरात फक्त एकाच माणसाला ठाऊक असायला हवं होतं, कारण मी ते फक्त एकालाच सांगितलं होतं. हर्षदला. एका संध्याकाळी फोनवर. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती. आईच्या वर्गातल्या पोरांना ‘ड’ अक्षर शिकवायचं राहिलं होतं. आई म्हणाली, फळा दाखवून ती पोरं फोनकडे बघणार नाहीत, मी बेडूक होते. गच्चीत तिचा तो धडा मीच माझ्या फोनवर घेतला. पालकांच्या ग्रुपवर टाकला. पोरांनी तो घरोघरी उड्या मारत बघितला. आणि मग कोणीतरी त्याचा आवाज काढला, ते गाणं घातलं, आणि काही दिवसांनी मी ज्या फार्मसी कॉलेजात शिकवते तिथल्या स्टाफरूममध्ये तो मला दाखवण्यात आला. मी आईला कधी बोलले नाही. तिला ठाऊक नसेल, असं समजून चालले. हर्षदला सांगताना मला रडू आलं होतं. तो म्हणाला होता, “किती घाणेरडी माणसं असतात ना.”

मी उठले. रिमोट काकांच्या हातात होता, म्हणून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

“अगं, अगं! आता तर खरी मजा होती!” नंदूकाका ओरडले.

“मनाली, फोन खाली ठेव.”

“का पण, वहिनी? कसली भारी आलीय काकूंची रिअॅक्शन! त्या एवढ्या स्पोर्टिंग असतील असं...” एवढं बोलून ती थांबली आणि भावाकडे बघायला लागली.

“तू सांगितलंस?” मी हर्षदला विचारलं.

“अगं, चिडू नकोस ना. काका म्हणाले, आपण सगळ्यांसमोर उलगडा करू, आईंनाही गंमत वाटेल. शेवटी आम्ही टाळ्या वाजवणार होतो त्यांच्यासाठी. मनालीने केकसुद्धा आणलाय.”

“कसला उलगडा?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या गालांवर अजून हसल्याचं पाणी होतं.

हर्षदचे वडील पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाले, “नंदू, पुरे आता.” पण नंदूकाकांच्या ओठांवर ते आलेलंच होतं. इतक्या वेळ तोंडात धरून ठेवलेली मिठाई गिळायची त्यांची तयारी नव्हती.

“अहो साहेब, ते ध्यान म्हणजे...”

“काका, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही,” मी म्हणाले.

नंदूकाका गप्प झाले. मला वाटतं, त्यांना तसं आजवर कोणी बोललंच नसावं. त्यांचा चेहरा पडला आणि खाली काहीच उरलं नाही. दुसऱ्यांचे व्हिडिओ काढून घेतल्यावर त्या माणसात काय शिल्लक राहतं, ते मला त्या वेळी दिसलं. दुपारच्या जेवणाने सुस्तावलेला एक रिकामटेकडा गृहस्थ.

“आमच्याकडे बाई मोकळंढाकळं असतं सगळं,” विजयाताई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. “मनात काही नसतं कुणाच्या.”

“तेच म्हणते मी,” मी म्हणाले. “काहीच नसतं.”

“प्रणिता, खाली बस,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम शाळेतला होता.

“आई, चल.”

“खाली बस म्हणते ना! हसण्यावारी न्यायच्या गोष्टी असतात. मी नेली ना?”

“मी नाही नेणार. ऊठ.”

ती उठली, पण आधी तिने अण्णांच्या हाताखाली पाण्याची वाटी सरकवली. अण्णांनी त्यात बोटं बुडवली आणि ते आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखे.

हर्षद फाटकापर्यंत मागे आला.

“एका व्हिडिओवरून लग्न मोडणार आहेस का?”

“व्हिडिओ तर जुनाच आहे,” मी म्हणाले.

“अगं, लाखो लोकांनी बघितलाय तो! मी एकट्याने काय वेगळं केलं?”

हा प्रश्न त्याने खरोखर विचारला होता. त्याला उत्तर हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता, लबाडी नव्हती, आणि तेच मला सहन होईना. लबाड माणसाशी भांडता येतं. मी गाडीचं दार लावून घेतलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. नातेवाइकांनी मला हट्टी ठरवलं. मनालीने तिची चित्रफीत टाकायची ती टाकलीच: ‘होणाऱ्या विहीणबाईंना दाखवला त्यांचाच व्हायरल व्हिडिओ!’ मी उठायच्या आधी ती कापलेली होती. तिच्यात फक्त आई हसते. खाली लोकांनी लिहिलं होतं, किती खेळकर बाई, अशी माणसं हवीत, नशीबवान जावई. माझ्या दोन मावसबहिणींनी ती मलाच पाठवली, डोळ्यांत बदाम असलेली तोंडं लावून. नंदूकाकांनी मला ग्रुपमधून काढायला बरेच दिवस लावले. बहुधा विसरले असावेत. मी आपण होऊन निघाले नाही, कारण मला बघायचं होतं, त्यांच्याकडे त्या रविवारबद्दल एखादा तरी शब्द आहे का. दुसऱ्या दिवशी सकाळी शॉवरखाली गाणारा पोपट आला. खाली, पोट धरून हसाल.

माझं लग्न पुढे दुसरीकडे झालं. नवरा फारसा हसवत नाही. बरं चाललं आहे.

पण त्या दिवशी गाडी मी चालवत होते, अण्णा माझ्या शेजारी आणि आई मागे बसली होती. सोलापूर मागे पडलं.

“तुला उठायला कोणी सांगितलं होतं?” आई मागून म्हणाली. “मी हसून घेतलं होतं. झालं असतं दोन मिनिटांत.”

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“शिक्षकांच्या केंद्राच्या बैठकीत दाखवला होता मला. गेल्याच्या गेल्या वर्षी.”

“बोलली नाहीस.”

“तू शूट केला होतास. तुला वाईट वाटलं असतं.”

मी विचारलं, “मग आज एवढी मोठ्याने का हसलीस?”

ती म्हणाली, “सगळे तुझ्या वडिलांना हसत होते. ते एकटेच पडले असते.”

अण्णा पुढच्या काचेतून बघत होते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, असलं काही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. लॉकडाऊनभर गच्चीत आम्ही काय करतो, हे बघायला ते जिना चढून वर आले नव्हते. त्यांनी हळूहळू, एखादं गणित बोटांवर सोडवावं तसं ते जुळवलं असावं. वैरागच्या अलीकडे ते म्हणाले, “गाडी घे बाजूला.”

चहाच्या टपरीसमोर मी गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. आरशात आईकडे न बघता त्यांनी विचारलं, “ती तू होतीस?”

“हो.”

“मला कसं कळलं नाही?”

“तुम्ही मला शिकवताना कधी बघितलंय?” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात एखादी वस्तू आहे का, असं विचारावं तसा सरळ प्रश्न होता तो.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे हात पुढे केला. “मूळचं आहे का तुझ्याकडे? गाणं नसलेलं?”

माझ्याकडे होतं. मी लावून फोन त्यांच्या हातात दिला. गाडीत आईचा आवाज भरला, स्वच्छ, ठणठणीत, गच्चीतल्या वाऱ्यासकट. “कोण आलं? बेडूक आलं! कुठे बसलं? डबक्यात बसलं! डबक्यात बसून काय केलं? डराव!” मग उडी. मग, धाप लागलेली असताना, “म्हणा पोरांनो, ड!” आणि पोरांनी म्हणावं म्हणून तिने सोडलेली रिकामी जागा.

अण्णा फोन डोळ्यांजवळ धरून बघत होते. ते हसले नाहीत. संपल्यावर त्यांनी मला फोन दिला नाही, पुन्हा कसा लावायचा ते विचारलं. मी दाखवलं. त्यांनी तो परत पहिल्यापासून बघितला.

मी चहा सांगायला उतरले. तीन कप घेऊन आले तेव्हा मागचं दार उघडं होतं. अण्णा मागच्या सीटवर आईशेजारी जाऊन बसले होते, फोन दोघांच्या मध्ये धरून.

“इथं उडी मारल्यावर गुडघा दुखला तुझा,” ते म्हणत होते. “चेहऱ्यावर दिसतंय.”

“दुखला होता,” आई म्हणाली.